सिएरा नेवाडात ट्रेक, घोडा आणि तंबू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आला की सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या ओळखीच्या मराठी घरांमधून मला फोन यायला लागतात. कुणाला जुलैत भारतातून आलेल्या सासू-सासऱ्यांना योसेमिटी राष्ट्रीय उद्यान दाखवायचं असतं, कुणाला ऑफिसातल्या मित्रांनी जॉन म्युअर ट्रेल या लांब पायवाटेचं वेड लावलेलं असतं, कुणाची मुलगी ‘घोड्यावरूनच जायचं’ म्हणून हटून बसलेली असते. मी स्वतः सह्याद्रीत चालायला शिकले आणि गेली बरीच वर्षं उन्हाळा आला की सिएरात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत, जाते. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र उतरवून काढले आहेत.

सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत. इथे असं काय वेगळं आहे?

इथे गाव नाही. सगळा फरक तिथून सुरू होतो.

सह्याद्रीत आपण पायथ्याच्या गावात उतरतो, कुणाच्या तरी ओसरीवर पाठपिशव्या टेकवतो, परतीच्या जेवणाचं सांगून ठेवतो. गडावर पाण्याची टाकी असतात, मुक्कामाला देऊळ किंवा गुहा असते, वाट चुकली तर धनगरवाड्यावरचा कुत्रा भुंकून आपल्याला माणसांकडे नेतो. सिएरात गाडी लावून वाटेला लागलात की तीन-चार दिवस छप्पर नाही, टपरी नाही, ‘दादा, वाट बरोबर आहे ना’ असं विचारायला कुणी नाही. जे लागेल ते पाठीवर न्यायचं आणि जे उरेल तेही पाठीवर परत आणायचं.

हे रान असं राहिलं ते कायद्यामुळे. ३ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेत वाइल्डरनेस अ‍ॅक्टवर सही झाली आणि पहिल्याच फटक्यात सुमारे ९१ लाख एकर जमीन या कायद्याखाली आली. तिथे रस्ता नाही, इमारत नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. पायी जा किंवा जनावरावर बसून जा. माणूस इथे पाहुणा आहे, मुक्कामाला राहणारा नाही, असं त्या कायद्यात जवळजवळ याच शब्दांत लिहिलं आहे. जॉन म्युअर वाइल्डरनेस त्याच वर्षीचं. योसेमिटी उद्यानाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग १९८४ पासून याच संरक्षणाखाली आहे.

पण ‘माणूस पाहुणा’ हे वाक्य वाचताना एक गोष्ट विसरू नका. इथे माणसं राहत होती. योसेमिटीच्या दरीत अहवाहनीची लोक होते, पूर्वेकडून पायूट लोक घाट ओलांडून व्यापाराला येत. ते ठरावीक काळाने गवत आणि झुडपं जाळत आणि जंगल मोकळं राखत. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाच्या हत्यारबंद तुकडीने त्यांना दरीतून हुसकावलं. आज आपण ज्याला निर्मनुष्य म्हणून डोळे भरून पाहतो, ते काही अंशी निर्मनुष्य केलेलं आहे. आजच्या कित्येक घाटवाटा त्यांच्याच पायांनी पडलेल्या आहेत.

कधी जावं?

पहिल्यांदा जात असाल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा. डास गेलेले असतात, ओढे उतरलेले असतात, दिवसा ऊन सुखद असतं. रात्री मात्र पाणी गोठू शकतं.

जूनमध्ये जायचा मोह होतो, कारण शाळांना सुट्टी असते. पण जूनमध्ये उंचावर बर्फ असतो आणि तो वितळायला लागला की डासांचे थवे येतात. योसेमिटीतून घाटमाथ्यावर जाणारा टायोगा रस्ता हिवाळाभर बंद असतो. तो साधारण मेअखेर-जूनमध्ये उघडतो, पण २०२३ मध्ये इतका बर्फ पडला होता की २२ जुलै उजाडला. म्हणून आधी त्या वर्षीचा बर्फ पाहा, मग रजा टाका.

उशिरा जाण्यातला धोका वणव्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये क्रीक फायर नावाचा वणवा इतक्या वेगाने पसरला की मॅमथ पूल जलाशयापाशी अडकलेल्या दोनशेहून अधिक लोकांना नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरांनी बाहेर काढलं. निघायच्या आदल्या दिवशी आणि सकाळी धुराचा नकाशा बघा. धूर असेल तर जाऊ नका, मग परमिट कितीही मुश्किलीने मिळालेलं असो.

परमिट मिळतच नाही म्हणतात. खरं आहे का?

शनिवार-रविवार आणि प्रसिद्ध वाट असा हट्ट असेल तर खरं आहे. मंगळवारी निघायची तयारी असेल तर सहसा मिळतं.

एक रात्र जरी रानात काढायची असेल तरी परमिट लागतं, आणि प्रत्येक पायवाटेला रोज किती माणसं सोडायची हे ठरलेलं असतं. योसेमिटीत साठ टक्के जागा २४ आठवडे आधी सोडतीने जातात, उरलेल्या चाळीस टक्के सात दिवस आधी सकाळी सात वाजता खुल्या होतात. पूर्वेकडच्या इन्यो राष्ट्रीय वनात साठ टक्के सहा महिने आधी आणि चाळीस टक्के दोन आठवडे आधी. ही दुसरी खेप लोकांना माहीत नसते. मला स्वतःला अनेक परमिटं तशीच मिळाली आहेत.

माउंट व्हिटनी (१४,५०५ फूट) आणि योसेमिटीतला हाफ डोम हा ग्रॅनाइटचा डोंगर यांचं गणित वेगळं. व्हिटनीची सोडत फेब्रुवारीत भरतात. दिवसात जाऊन येणारे १०० आणि मुक्कामी ६०, एवढेच लोक रोज सोडतात. हाफ डोमच्या माथ्यावर ज्या तारा धरून चढतात त्यांवर रोज सुमारे ३००, त्याची सोडत मार्चमध्ये. पहिल्याच वर्षी या दोघांच्या मागे लागू नका.

भारतातून पाहुणे येणार असतील तर आणखी एक बाब. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या सोळा आणि त्याहून जास्त वर्षांच्या पाहुण्यांना योसेमिटी आणि सिक्वोइया-किंग्ज कॅन्यनसह अकरा उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा पडतात, वार्षिक पास घेतला तर तो २५० डॉलरचा. घरचे चौघं असतील तर आधीच हिशेब करा. राष्ट्रीय वनांना हा जादा आकार नाही आणि तिथली सरोवरं तसूभरही कमी नाहीत.

उंचीचा त्रास होतो का?

होतो, आणि तो तब्येत बघून येत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. योसेमिटीतलं टुओलमी मेडोज हे गाडीने पोचायचं ठिकाणच सुमारे २,६०० मीटरवर आहे. बे एरियातल्या, समुद्रसपाटीवरच्या फ्रीमाँटहून सकाळी निघून संध्याकाळी तिथून वर चालायला लागणं म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण. एक रात्र गाडीतळाजवळच्या कॅम्पग्राउंडवर काढा, पाणी पीत राहा, पहिल्या दिवशी कमी चाला. डोकं दुखून उलटी झाली किंवा तोल जायला लागला तर खाली उतरणं हा एकच उपाय आहे. रात्र असली तरी.

अस्वलं! रात्री तंबूजवळ आली तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून नीट सांगते.

कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे, पण राज्यातला शेवटचा ग्रिझली १९२२ च्या सुमारास मारला गेला. आता आहेत ती काळी अस्वलं. नाव काळं, पण बरीचशी तपकिरी किंवा भुरी दिसतात. योसेमिटीत अंदाजे ३०० ते ५०० असावीत. तिथे अस्वलाने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. त्याला तुमच्यात रस नाही, तुमच्या शंकरपाळ्यांत आहे.

म्हणून बेअर कॅनिस्टर. हा जाड प्लास्टिकचा, सव्वा किलोच्या आसपास वजनाचा डबा असतो. अस्वलाला तो उघडता येत नाही, आणि गुळगुळीत असल्याने तोंडात धरून नेताही येत नाही. योसेमिटीच्या रानात तो सक्तीचा आहे. अन्न झाडाला टांगणं तिथे बेकायदा आहे, कारण आई अस्वल पिलांना फांदीवर चढवून दोरी तोडायला शिकवते. परमिट घेताना डबा भाड्याने मिळतो. रात्री तंबूपासून शंभर फुटांवर, कड्यापासून आणि पाण्यापासून लांब, सपाट जागी ठेवायचा.

वास येणारं सगळं त्यात गेलं पाहिजे. खाणं तर आलंच, शिवाय टूथपेस्ट, साबण, ओडोमॉस, अमृतांजन, लिपबाम, सकाळच्या पूजेची उदबत्ती आणि कापूर. आपल्याकडच्या मंडळींची हमखास चूक म्हणजे उशाशी ठेवलेली लवंग-वेलदोड्याची डबी. गाडीतही काही ठेवू नका. गाडीतळावर लोखंडी पेट्या असतात, तिथे ठेवा. अस्वल गाडीचं दार वाकवून उघडतं. वर हलगर्जीपणाबद्दल पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

मला त्या दंडापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीत येतं, धीट होतं, आणि शेवटी त्याला मारावं लागतं. आपल्या चिवड्याच्या एका पुडीची किंमत ते जनावर चुकवतं.

अस्वल दिसलंच तर पळू नका. हात वर करून मोठे दिसा, भांडी वाजवा, खणखणीत आवाजात ओरडा. आपल्या लोकांना हे जमतं.

जेवणाचं काय? घरचं नेता येतं का?

नेता येतं आणि न्यावंच. पण एक भौतिकशास्त्र लक्षात ठेवा : दहा हजार फुटांवर पाणी ९० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं. माझ्या पहिल्याच खेपेला मी साधी मसूर डाळ नेली होती. तासभर उकळली, डाळ दाताखाली कचकच लागत राहिली आणि दोन दिवसांचा गॅस त्या एका रात्रीत संपला. पुढच्या दोन्ही रात्री आम्ही थंड पाण्यात पोहे भिजवून खाल्ले.

तेव्हापासून माझं सामान ठरलेलं आहे. पातळ पोहे, भाजलेला रवा आणि सुकी फोडणी घरीच मिसळून केलेला उपमा, शिजवून वाळवलेला भात आणि डाळ (ओव्हनमध्ये मंद आचेवर चांगली वाळते), मेतकूट, तुपाची छोटी बाटली, गूळपोळ्या. गूळपोळी या कामासाठीच जन्माला आली असावी : चार दिवस टिकते, डब्यात थप्पीने बसते, एक खाल्ली की तासभर चढाई निभते. थालीपीठ तव्यावर खरपूस करायचं स्वप्न सोडा. पातळ पातेल्यात ते करपतं आणि वास दरीभर जातो.

डबा भरताना खाण्याच्या पाकिटांतली हवा काढून टाका. पहिल्या रात्रीचं जेवण बाहेर राहिलं तरी चालेल असं समजू नका, तेही आत. गॅसचं सिलिंडर विमानात नेता येत नाही, ते इथे पोचल्यावर घ्या.

घोड्यावरून जाता येतं का? माथेरानसारखं?

जाता येतं, पण माथेरानसारखं नाही. माथेरानला घोडेवाला लगाम धरून बरोबर चालतो. इथे लगाम तुमच्या हातात असतो. पुढे एक वाटाड्या, मागे तुमची रांग, आणि खालच्या बाजूला बऱ्याचदा दरी. जनावरं शांत आणि वाटेला सरावलेली असतात, पण बसणाऱ्याला थोडं तरी भान लागतं. चढावर किंचित पुढे झुका, उतारावर मागे रेला, टाचा खाली दाबा. रिकिबीत पाय अडकू नये म्हणून टाच असलेले बूट घाला. खोगिराच्या पुढचा उंचवटा धरून सगळं वजन हातावर घेऊ नका, दुसऱ्या दिवशी खांदे उचलणार नाहीत. वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी असते, ती फोनवरच विचारा आणि खरं वजन सांगा. ती मर्यादा जनावराच्या पाठीसाठी असते.

पूर्व सिएरात मॅमथ, रॉक क्रीक, बिशप या भागांत पॅक स्टेशनं आहेत, म्हणजे घोडे आणि खेचरांचे तळ. तिथे साधारण तीन प्रकारची सोय मिळते. दोन तास किंवा दिवसभराची फेरी. स्वयंपाक्यासकट चार-सहा दिवसांची सफर. आणि तिसरी, जी मला सगळ्यात उपयोगाची वाटते : खेचरं तुमचं सामान सरोवरापर्यंत नेऊन टाकतात, तुम्ही मोकळ्या पाठीने चालत जाता, ठरल्या दिवशी ती न्यायला येतात. गुडघे दुखणारे, पाठीचं ऑपरेशन झालेले, लहान मुलांचे आईबाप यांना यामुळे जे रान बंद होतं ते उघडतं.

खेचर लादण्याचं काम मी दर वेळी थांबून बघते. दोन्ही बाजूंचं ओझं काट्याला लावून अगदी बरोबरीचं केलं जातं, वर ताडपत्री, मग दोर असा आवळतात की चार तासांच्या वाटेवर तो हलत नाही. एका खेचरावर साधारण ६५-७० किलो. एकेका माणसामागे चार-पाच खेचरांची माळ. चाकांची बॅग घेऊन गेलात तर ते हसणार नाहीत, पण सामान मऊ पिशव्यांत पुन्हा भरायला लावतील.

या डोंगरांत घोड्याचा इतिहास मोठा आहे. १८९९, १९०३ आणि १९०४ च्या उन्हाळ्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ या लष्करी तळावरून कृष्णवर्णीय घोडदळाच्या तुकड्या सिएरातल्या उद्यानांची राखण करायला येत. चोरून चरायला आणलेली मेंढरं हाकलणं, वाटा बांधणं, वणवे विझवणं ही त्यांची कामं. कॅप्टन चार्ल्स यंग यांनी १९०३ मध्ये सिक्वोइया उद्यान सांभाळलं आणि जायंट फॉरेस्ट या सिक्वोइया महावृक्षांच्या रानापर्यंतचा रस्ता पुरा करून घेतला. गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाने केलेलं हे काम.

घोड्यांमुळे रानाचं नुकसान होत नाही का?

होतं. ओल्या कुरणात खूर रुततात, गवताची मुळं उघडी पडतात, ओढ्यांचे काठ ढासळतात. दहा हजार फुटांवर ते भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून सिक्वोइया-किंग्ज कॅन्यनमध्ये कुरण वाळल्याशिवाय चराईला खुलं करत नाहीत, आणि योसेमिटीत एका गटाला जास्तीत जास्त २५ जनावरं. पायी जाणारे आणि घोडेवाले यांच्यात यावरून जुना वाद आहे, तो कोर्टापर्यंतही गेलेला आहे.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या पायांना गरज आहे त्याने खेचर जरूर घ्यावं. तीस वर्षांच्या धडधाकट लोकांनी खुर्च्या, बर्फाच्या पेट्या आणि स्पीकर वर पोचवायला ते घेऊ नये.

वाटेत समोरून खेचरांची माळ आली तर?

थांबा. वाट त्यांची. उताराच्या बाजूला, पाय नीट टेकतील अशा जागी उभे राहा आणि घोडेवाला सांगेल तसं करा. झाडामागे लपू नका आणि अगदी गप्पही राहू नका. मोठी सॅक घातलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. साधं ‘हॅलो’ म्हटलं की आवाज ओळखून ते निवांत होतं. मुलांना हात लावू देऊ नका.

संडासची सोय?

नाही. छोटं खुरपं न्या. पाणी, पायवाट आणि तंबू यांपासून निदान शंभर फूट, जमल्यास दोनशे फूट लांब जा, सहा इंच खोल खड्डा करा, नंतर बुजवा. टॉयलेट पेपर पुरायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. आपल्याला इथे एक सोय आहे : पाण्याची बाटली वापरली की कागदच लागत नाही. फक्त ती ओढ्यात बुडवू नका. व्हिटनीच्या वाटेवर मात्र विष्ठेसकट सगळं खास पिशवीत भरून खाली आणावं लागतं. ऐकून नाक मुरडलं जातं, पण तिथे माती नाही, नुसता ग्रॅनाइट आहे, आणि उन्हाळाभर रोज माणसं चढत असतात.

शेकोटी करता येते का?

बहुतेक वेळा नाही. योसेमिटीत ९,६०० फुटांच्या वर कायमची बंदी आहे, आणि उन्हाळा कडक झाला की खालीही बंदी लागते. उंचावर झाड बोटभर वाढायला वर्षं घेतं, पडलेलं लाकूड तिथल्या मातीचं खत असतं. राष्ट्रीय वनांत गॅसच्या शेगडीलाही कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट लागतं. ते ऑनलाइन फुकट मिळतं, पाच मिनिटांचं काम आहे.

पाणी थेट प्यायलं तर?

काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी गाळून किंवा उकळूनच. जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी डोळ्याला दिसत नाही आणि त्याचा त्रास घरी परतल्यावर आठवड्याने सुरू होतो.

खरा धोका कशाचा?

पाण्याचा आणि विजेचा. अस्वलाचा नंबर फार खाली लागतो.

बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी कमी असतात आणि दुपारनंतर फुगतात, कारण दिवसभर वर बर्फ वितळत असतो. आपल्याकडे पाऊस थांबला की ओढा उतरतो, इथे आभाळ निळंशार असताना चढतो. म्हणून ओलांडायचं ते सकाळी. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर ती टाकून देता आली पाहिजे. आणि धबधब्याच्या माथ्यावरच्या गुळगुळीत खडकावर फोटोसाठी पाय ठेवू नका. ओला ग्रॅनाइट आपल्या शेवाळलेल्या कातळाइतकाच घातकी असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमतात. खिंड किंवा शिखर बाराच्या आत मागे टाका. २७ जुलै १९८५ ला हाफ डोमच्या माथ्यावर वीज पडून दोघांचा जीव गेला होता. ढग काळवंडायला लागले की अर्ध्या तासावरचं शिखरही सोडून उतरा.

फोन लागतो का?

नाही असंच धरून चाला. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरी कागदावर लिहून ठेवा : कोणती वाट, कुठे मुक्काम, गाडी कुठे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

आई-बाबांना किंवा लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा कुठे जाऊ?

रॉक क्रीकच्या वरची लिटल लेक्स व्हॅली. गाडीच दहा हजार फुटांच्या वर जाते, पुढची वाट सौम्य चढाची आणि एकामागून एक सरोवरांच्या काठाने जाणारी. जिथे थकाल तिथे परत फिरा, तोवर दोन-तीन सरोवरं झालेली असतात. पण आदल्या रात्री बिशपसारख्या सखल गावात न थांबता मॅमथला थांबा, म्हणजे फुप्फुसांना थोडी सवय होते. ज्येष्ठांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आकड्यासकट उंची सांगा, नुसतं ‘डोंगरावर जातोय’ म्हणू नका. भारतातून आलेल्यांचा प्रवास विमा अशा उंचीला लागू आहे का तेही बघा.

तरुण मंडळींना दोन रात्रींसाठी थाउजंड आयलंड लेक. काठावर नाव शोभेल इतकी चिमुकली बेटं, पलीकडे बॅनर शिखर. सरोवराच्या तोंडापासून पाव मैलात तंबू लावायला मनाई आहे, तेव्हा उत्तरेच्या काठाने आणखी थोडं पुढे चला. तिथली जागा अधिक चांगलीच आहे. पहाटे शिखरावर आधी गुलाबी आणि मग केशरी ऊन उतरतं, आणि वारा पडलेला असेल तर तेच पाण्यातही दिसतं. चहाचं आधण त्याआधी ठेवा, थंडीत गॅस हळू जळतो.